टपावरची खिडकी

यंदा आषाढ लागला तसा अण्णांनी गाडीच्या टपावर तांब्याभर पाणी ओतलं. मग आत बसून मान वर केली, बोटाने कडेकडेने चाचपलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "रबर गेलं."

अण्णा म्हणजे माझे वडील, वीज खात्यातून निवृत्त. गाडी त्यांची, पांढरी, नव्वदच्या दशकातली. तिच्या छताला सरकणारी काच आहे. हल्ली तिला सगळे सनरूफ म्हणतात; आमच्या घरात आणि कोल्हापूरच्या कारखान्यांच्या उद्यमनगरात ती पहिल्यापासून टपावरची खिडकी. त्या काचेभोवती काळ्या रबराची पट्टी असते. उन्हापावसात ती हळूहळू कडक होते, आक्रसते आणि मग पाणी आत येतं. आता बसवायचं ते तिसरं रबर. पहिलं गाडीबरोबर परदेशातून आलं होतं. दुसरं कोल्हापुरात तयार झालं, माझी धाकटी बहीण सुजाता हिच्या लग्नाच्या पावसाळ्यात. तिसरं कसं बसवायचं याबद्दल घरात कोणालाच शंका नाही, कारण दुसरं बसवताना करता येण्यासारख्या सगळ्या चुका करून झाल्या होत्या.

त्या पावसाळ्याची आठवण येते ती आधी वासाने. आषाढात आमच्या उचगावात सगळ्याच घरांना एक वास असतो, दोरीवर वाळता न वाळलेल्या कपड्यांचा, भिजलेल्या सरपणाचा, पायपुसण्यांचा. त्या वर्षी आमच्या घराला त्याशिवाय गाडीचा वास होता. दार उघडलं की आतला ओला गालिचा नाकात जाई. आई उदबत्ती लावून गाडीत ठेवी. मग ओल्या गालिच्याला उदबत्तीचा वास येई, एवढाच फरक.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. पावसाळ्यात आमच्या पहिल्या पानाचा वरचा कोपरा पाण्यासाठी राखलेला असे. पंचगंगा कुठवर आली, कोणते बंधारे बुडाले, कोणत्या मार्गावरची एस.टी. बंद झाली. आणि दर पावसाळ्यात एकदा ती बातमी यायची : राधानगरी धरण भरले, स्वयंचलित दरवाजा उघडला. त्या दरवाजांना माणूस लागत नाही. पाणी एका उंचीला आलं की ते आपले आपण उघडतात. ही बातमी आली की कार्यालयात दोन गोष्टी एकदम होत. कोणीतरी म्हणे, "आता नदी फुगणार," आणि कोणीतरी चहा सांगे. काळजी आणि समाधान एकाच मथळ्यात बसवावं लागे. पाणी शिरले, पाणी ओसरले, पाणी पात्राबाहेर. या शब्दांत माझा हात चांगला बसला होता. आमच्या गाडीत पाणी कुठून शिरतं, ते मात्र मला सांगता येत नव्हतं.

गाडी अण्णांनी इचलकरंजीहून आणली होती, जुनीच. विकणारे जैन गृहस्थ सुताचे व्यापारी. पुढे मागांची शेड आणि मागे घर. यंत्रमागांच्या खडखडाटात बोलणी झाली, त्यामुळे दोघेही एकमेकांशी ओरडून ओरडून सौजन्याने वागत होते.

"गाडी एक नंबर हाय," ते ओरडले. "टपाला खिडकी तेवढी हाय. पोरांची हौस हो. पावसात उघडू नका म्हंजे झालं."

"पावसात कोण उघडतंय?" अण्णा ओरडले.

"आमची पोरं उघडत्यात की!"

गाडी कडुनिंबाखाली उभी असायची. काचेच्या खाचेत निंबाचा पाला अडकला होता. अण्णांनी तो दोन बोटांनी काढून टाकला, दिसला तेवढा. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीने तोवर इथला गाशा गुंडाळला होता आणि सुटे भाग मिळणं कठीण झालं होतं, हेही त्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितलं. अण्णा म्हणाले, कोल्हापुरात सगळं होतं.

ते दिवस उसाच्या हंगामाचे होते. इचलकरंजीहून घरी येताना अण्णांनी बटण दाबलं, काच घरघरत मागे गेली आणि आभाळाचा एक चौकोन गाडीबरोबर चालू लागला. गुऱ्हाळांचा गोड धूर वरून आत उतरला. उसाच्या ट्रॉल्या ओलांडताना वरून एखादं पाचट येऊन मांडीवर पडे. अण्णा कधी गाणं म्हणत नाहीत. त्या दिवशीही म्हणाले नाहीत. पण सारा रस्ताभर दोन बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरून होते.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना दिसलं की पावसानंतर मागच्या दोन्ही चाकांजवळ गाडीखालून पाणी ठिबकतं. अण्णांची सगळी नोकरी जमिनीखालच्या केबलींचे जोड भरण्यात गेली होती. जोडात पाण्याचा थेंब शिरला तर अख्खी पेठ अंधारात जाते, आणि कधीकधी माणूसही जातो. पाणी दिसलं की ते बंद करायचं, यात त्यांना विचार करावा लागत नसे. त्यांनी गाडीखाली पोतं अंथरलं, आडवे झाले, पाणी येत होतं ती दोन्ही भोकं शोधली आणि खिडक्यांच्या काचा बसवायची राखाडी लांबी मळून ठासून भरली. ठिबकणं थांबलं. अण्णा हात धुऊन समाधानाने जेवायला बसले.

त्यानंतर एका पावसाळ्याने गाडी आतून गळू लागली, आणि सगळ्यांची नजर साहजिकच वर, रबराकडे गेली.

सुजाताचं लग्न पावसात ठरलं, कारण होणारा जावई सैन्यात होता आणि त्याला रजा पावसातच मिळाली होती. मुहूर्ताचा प्रश्न नव्हता. आजोबांच्या पिढीने बुद्धधम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात पंचांग नाही. शेजारणी विचारत, "आषाढात लगीन?" आई सांगे, "रजा आषाढात हाय." विषय तिथे संपे.

लग्न नेसरीला होतं. आमचं मूळ गाव नेसरीच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून जरा आत. नेसरीला जायचं तर गावात शिरायची गरज नाही. फाट्यावरून गाडी सरळ जाते. पण अण्णांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "नवरी आपल्या गाडीतनं जाणार. गावातनं जाणार. आणि टप उघडून जाणार. आत कोण बसलंय ते दिसलं पायजे."

आमच्याकडे नवरी पांढरी साडी नेसते. ती साडी आणून कपाटात ठेवलेली होती, आणि गाडीच्या टपातून गंजाचं तांबूस पाणी गळत होतं. आईने मागच्या सीटवर मांजरपाटाचा पांढरा कपडा अंथरला. रोज सकाळी घरातलं कोणी ना कोणी जाऊन तो बघून येई. कधी एक डाग, कधी बरेच. एकदा डागांचा आकार हुबेहूब चपलेचा झाला होता. आईने शांतपणे सांगून ठेवलं : कपडा कोरा निघाला तरच पोरगी ह्या गाडीत बसंल, न्हायतर भाड्याची जीप. जीपवाल्याला तिने विचारूनही ठेवलं होतं. तो म्हणाला होता, पावसात आतल्या रस्त्याला येत नाही, फाट्यावरून सरळ नेतो.

सुजाता शाळेत शिकवायची. वर्गाला हसवायची तिची सवय घरातही सुटत नसे. "मी छत्री उघडून बसते की गाडीत," ती म्हणाली. "फोटो झकास येतील."

"तुला चेष्टा सुचत्या," अण्णा म्हणाले.

"मग रेनकोट घालते. पांढरा मिळतोय का बघा."

अण्णांना हसू आलं नाही. गावातून जायचा त्यांचा हट्ट कशासाठी होता, ते मला आत्तीकडून कळलं. आत्ती म्हणजे अण्णांची थोरली बहीण. आम्ही सीमेकडच्या बोलीत आत्याला आत्ती म्हणतो, अण्णा तिला अक्का म्हणतात. लग्नाच्या कामाला ती आधीच येऊन राहिली होती. बाहेर एकसारखी संततधार लागलेली, आणि ती घराच्या पुढच्या सोप्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

"माझ्या लग्नात आमची बैलगाडी पाणंदीनं गेलती," ती म्हणाली. पाणंद म्हणजे शेतांमधली चिखलाची वाट. "वळीव पडलेला. चाक रुतलं. सगळी उतरून ढकलाय लागली. नवी साडी गुडघ्यापातूर चिखलानं भरली. आन तुझा बा माझ्या मांडीवर झोपलेला, एवढासा."

"पाणंदीने का? गावातून रस्ता होता ना?"

"आपल्या लोकांची वरात गावातनं जात नव्हती."

"कोणी अडवलं?" मी विचारलं. पेशाची सवय.

"अडवाय कशाला लागतंय? समद्यास्नी म्हाईत हुतं." तिने सूप पाखडलं. "ह्या तांदळात खडं लई हाईत. दुकानदार बदला."

शामराव मिस्त्रींचं दुकान उद्यमनगरात. मूळ धंदा शेतीपंप दुरुस्तीचा. मोटारगाड्या ते ओळखीखातर बघत. दुकानात कायम तेल, कापलेलं लोखंड आणि जळक्या वायरीचा वास. बाहेर पाऊस आणि आत शामरावांचा आवाज, दोन्हीला उतार नसे.

"ओ अण्णा," गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "चांगल्या गाडीला वरनं भोक पाडायची अक्कल कुणाची?"

"परदेशी गाडी हाय," अण्णा म्हणाले.

"तिकडं पाऊस न्हाय व्हय?"

"असंल की."

"तिकडं पडत नसंल, शिंपडत असंल. बघू, रबर काढून द्या. उद्यमनगरात रणगाडा बी हुतोय, हे काय रबर."

काच उतरवायला दोन्ही बाजूंचे छोटे स्क्रू काढावे लागतात. ते काढून काच दोघांनी अलगद उचलली आणि जुन्या सतरंजीवर ठेवली. जुनं रबर सोलताना त्याचे तुकडे पडत होते. चिकटलेला गोंद रॉकेलच्या फडक्याने घासून काढला. तुकडे जुळवून नमुना तयार झाला, तो शेजारच्या रबर कारखान्यात गेला, आणि नमुन्याबरहुकूम नवं रबर आलं. काळंभोर, मऊ, तेलकट वासाचं. शामरावांनी ते काचेभोवती बसवायला घेतलं. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूच्या मध्यावर दोन टोकं समोरासमोर आली आणि बोटभर अंतर ठेवून थांबली.

त्यांनी ओढून पाहिलं. अण्णांनी दाबून पाहिलं. अंतर बोटभरच राहिलं.

"रबर बरोबर हाय," शामराव म्हणाले. "गाडी वाढल्या."

गाडी वाढलेली नव्हती. नमुना म्हातारा होता. इतक्या उन्हाळ्यांत आक्रसलेल्या रबराची हुबेहूब नक्कल आक्रसलेलीच निघणार, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. दुसरं रबर काचेच्याच मापाने करून घ्यायचं ठरलं. तोवर लग्न जवळ आलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. हिरण्यकेशीला पाणी आलं होतं आणि गडहिंग्लज तालुक्यातली आमची वार्ताहर मंडळी रोज फोन करत होती. मी बातम्या लिहून घ्यायचो आणि शेवटी विचारायचो, आतला रस्ता सुरू आहे का?

दुसरं रबर चोख बसलं. जोड मागच्या बाजूला मध्यावर घेतला, काच परत चढवली, टपाशी समपातळीत आणली. शामरावांनी त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "आता थेंब आला तर मिशी काढतो."

मग त्यांनी टपावर पाण्याचा पाइप सुरू केला. आम्ही आत बसलो. थोडा वेळ काहीच झालं नाही. अण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल व्हायला लागला होता. तेवढ्यात आतल्या अस्तराला मागच्या कोपऱ्यात पोट आलं, ते वाढलं आणि पाण्याची धार थेट मांजरपाटावर पडली. आधी थेंब पडायचे, आता धार. समोरच्या लेथवाल्याने दारातून विचारलं, "शामराव, गाडी धुतायसा का भरतायसा?"

अण्णा गाडीतून उतरले आणि बाजूच्या लोखंडी ठोकळ्यावर बसले. म्हणाले, "जीपवाल्याला सांगून टाकतो."

शामरावांचा मात्र मिशीचा प्रश्न होता. त्यांनी काच पुन्हा उतरवली, स्टुलावर चढून आत डोकावले आणि तसेच थांबले. रबराच्या खाली, काचेच्या चारी बाजूंनी पत्र्याची पन्हळ होती. ती पाण्याने काठोकाठ भरली होती.

"ओ अण्णा, हौद हाय की हितं!"

पन्हळीच्या प्रत्येक कोपऱ्यात एक भोक होतं, तिथून एक नळी खाली गेलेली. पुढच्या दोन भोकांत कडुनिंबाचा कुजका पाला घट्ट बसला होता. मागची दोन स्वच्छ होती, पण पाणी उतरत नव्हतं. शामराव खाली उतरले, चाकाजवळ वाकले, हात घालून चाचपलं. मग स्क्रू-ड्रायव्हर मागितला.

"हितं बूच कुणी मारलं?"

अण्णा ठोकळ्यावरून उठून जवळ आले.

"मी," अण्णा म्हणाले. "पाणी गळत हुतं तिथनं. म्हणून."

"आन सोय केली हुती गाडी करणाऱ्यानं! पाणी जायाची वाट हाय ती!" शामरावांनी लांबी उकरून काढली. बघायला वाकलेल्या अण्णांच्या दोन्ही पायांवर, चपलांसकट, भरल्या हौदाचं तांबूस पाणी बदाबदा ओतलं गेलं. त्यात गंज होता, निंबाच्या काड्या होत्या. अण्णा हलले नाहीत. पाणी संपेपर्यंत ते पायांकडे बघत उभे राहिले.

मग सायकलच्या ब्रेकची जुनी तार चारी नळ्यांतून फिरवली. वरून मगाने पाणी ओतलं की खाली चार ठिकाणी पडू लागलं. ज्याने कोणी ही खिडकी आखली होती, त्याने पाणी आत येणार हे धरूनच ती आखली होती. रबराने लोंढा अडवायचा. चुकून आलेलं पाणी पन्हळीने गोळा करायचं आणि नळ्यांनी टपाला धरणाऱ्या खांबांच्या आतून खाली सोडून द्यायचं. चाकाजवळ ठिबकणारं पाणी म्हणजे गाडी ठीक असल्याची खूण होती. आम्ही तेवढंच बंद केलं होतं.

"ही चूक फकस्त कोल्हापुरात हुत्या," शामराव म्हणाले. "गळणारी वस्तू बघितली की आमाला बूच शोधल्याबिगर घास उतरत न्हाय. आता पंपाचंच घ्या. दांड्यापाशी थेंब थेंब पाणी पडायच लागतंय. पार आवळलं तर दांडा जळतोय. मी रोज शेतकऱ्यास्नी सांगतोय, बाबा, गळू दे."

"मग हितं का न्हाय सुचलं?" अण्णांनी विचारलं.

"हितं गाडी हुती की."

अण्णा हसले. त्या पावसाळ्यात मी त्यांना हसताना पाहिलं ते पहिल्यांदा.

त्या दिवसापासून मांजरपाट कोरा निघू लागला. तरी आईने जीपवाल्याला लगेच नको म्हणून कळवलं नाही. तिने पावसाच्या चांगल्या सरी जाऊ दिल्या, रोज कपडा उजेडात धरून पाहिला आणि मगच निरोप पाठवला. आत्ती रोज संध्याकाळी ओसरीवरून गाडीखाली बघायची आणि घरात येऊन सांगायची, "गळत्या, गळत्या. चांगली गळत्या."

लग्नाच्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. अण्णा चालवत होते, मी त्यांच्या शेजारी. मागे आई, आत्ती आणि दोघींच्या मध्ये पांढऱ्या साडीत सुजाता, तिच्याखाली तोच धुतलेला मांजरपाट. कागल गेलं, निपाणी गेली. संकेश्वर मागे पडल्यावर अण्णा गावाबद्दल बोलू लागले. ते गावाबद्दल सहसा बोलत नसत. कुठल्या विहिरीत पोहायचे, कुठल्या शाळेत बाहेर बसायचे, कोणाच्या आंब्याखाली मार खाल्ला. मध्येच काचेवरची वाफ पुसत. गडहिंग्लजला हिरण्यकेशी तांबडी होऊन पुलाखालून जात होती. पुढे एका वळणावर त्यांनी बोट दाखवलं.

"अक्का, हीच ती पाणंद न्हवं?"

आत्तीने काच खाली करून पाहिलं. "न्हाय रं. ती पल्याडची. तुला काय म्हाईत, तू झोपलेला."

फाट्यावर गाडी आत वळली आणि पाऊस कोसळायला लागला. वायपर लावूनही पुढचं दिसेना. अण्णांनी टपाच्या बटणावर हात नेला आणि मागे घेतला. काचेखालचा आतला पडदा तेवढा त्यांनी मागे सरकवला. आम्ही पाचही जणांनी वर पाहिलं. काचेवर पाऊस फुटत होता, पसरत होता, कडेला जात होता. आत थेंब आला नाही.

गावाचा मुख्य रस्ता म्हणजे वेशीपासून चावडीपर्यंतचा चढ. पावसामुळे रस्त्यावर कोणी नव्हतं. लोक वळचणीला, दुकानांच्या पत्र्याखाली उभे होते. कोण आलंय ते दिसावं म्हणून केलेला सगळा बेत, आणि काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या. अण्णा हाताने पुसत होते, त्या पुन्हा भरत होत्या. चावडीसमोरच्या चहाच्या हॉटेलाच्या दारातून, डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेल्या एका माणसाने हात वर केला आणि पावसाच्या वर आवाज काढला.

"ओ पावणं! गाडी गळत्या मागनं!"

अण्णांनी भर चावडीसमोर गाडी थांबवली. काच पूर्ण खाली केली. पाऊस त्यांच्या तोंडावर, शर्टावर आला.

"गळू दे की!" ते ओरडले. इचलकरंजीनंतर त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं. "गळायलाच पायजे ती!"

माणूस जवळ आला, वाकून आत बघू लागला. "पावणं कुठलं म्हणायचं?"

"पावणा न्हवं मी. हितलाच हाय." अण्णांनी आमच्या आजोबांचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली. "पोरीचं लगीन हाय नेसरीत. गावातनं घिऊन चाललोय."

माणसाने नाव मनात फिरवलं. मग त्याने मागे बसलेल्या सुजाताकडे पाहिलं, आत्तीकडे पाहिलं. "व्हय? मग असं पावसात का थांबलायसा? च्या तरी घ्या."

अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं. नेसरीत मंडळी वाट बघत असणार होती. ते काही म्हणायच्या आत मागून आत्तीचा आवाज आला, "घिऊया की. लगीन काय पळून जातंय व्हय? मुहूर्त कुठाय आपल्याला?"

चहा गाडीत आला. काचेचे कप, हॉटेलातले, सगळे घेतात तेच. आत्तीने कप दोन्ही हातांत धरून जरा वेळ नुसता पाहिला, मग बशीत ओतून सावकाश प्यायली. आईने सुजाताच्या मांडीवर पदराचं टोक पसरलं, चहा सांडू नये म्हणून. पाऊस हळूहळू कमी झाला. पत्र्यावरचा आवाज उतरला, वळचणीची माणसं पुढे आली. हॉटेलवाला, पिठाच्या गिरणीतला एक जण, ओल्या डोक्याच्या दोन बायका. कोणाची पोरगी, कुठं दिली, जावई काय करतो. आता नुसती बुरबुर राहिली होती.

"अण्णा," सुजाता म्हणाली, "उघडा टप."

"अगं, साडी!" आई म्हणाली.

"हे पाणी स्वच्छ हाय, आई. डाग पडत न्हाय त्याचा."

अण्णांनी आरशात तिच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. काच घरघरली, नव्या रबराला जरा चिकटली, सुटली आणि मागे गेली. पाच-सहा थेंब आत आले. एक सुजाताच्या खांद्यावर पडला, पांढऱ्या साडीत मुरला आणि दिसेनासा झाला. हॉटेलवाला टाचा उंचावून टपाकडे बघत म्हणाला, "आयला, खिडकीच हाय की!"

अण्णांनी कप परत दिले. गाडी चावडीवरून पुढे निघाली. थोडं अंतर गेल्यावर आत्तीने त्यांच्या खांद्यावर मागून हात ठेवला.

"हळू हाक की रं," ती म्हणाली. "रस्ता लई आखूड हाय ह्यो. पाणंद लांब हुती."

अण्णांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली.